पुरुषांचे केस : लांबी आणि ती ठरवणारी खाती

पुरुषाच्या डोक्यावरचे केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात. बारीक कापलेले केस खांद्याला टेकायला त्यामुळे सुमारे दोन वर्षे लागतात. निसर्गाचे काम एवढ्यावर संपते. लांबी किती असावी हे ठरवण्याचा अधिकार शिरूर आणि दौंड तालुक्यांत निरनिराळ्या खात्यांकडे वाटलेला आहे. ज्याचे केस, त्याच्या वाट्याला त्यातले एकही खाते आलेले नाही.

सुरुवात बहुधा श्रावणात होते. श्रावण पाळणारा महिनाभर कात्री लावत नाही आणि गणपती बसेपर्यंत कानावर आलेल्या केसांना तो स्वतःचा निर्णय समजू लागतो. चौथ्या-पाचव्या महिन्यात केस कानात जातात, मानेला टोचतात, पण बांधता येत नाहीत. बोअरच्या जड पाण्याने धुतले की राठ होऊन उभे राहतात आणि घरातली वडीलधारी मंडळी ‘झिपऱ्या’ हा शब्द काढतात. यातून जो तरतो, त्याच्या केसांना पुढे रबर लावता येते. रबर बहिणीचे असते.

लांबीचे माप पूर्वी पडद्यावरून आणि मैदानावरून येई. २००३ मध्ये ‘तेरे नाम’ आला आणि मधला भांग डोळ्यांवर उतरला. मग धोनी आला. फेब्रुवारी २००६ मध्ये लाहोरला परवेझ मुशर्रफ यांनी त्याला केस कापू नकोस असे जाहीरपणे सुचवले. २००७ चा टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकून त्याने ते कापले. त्याच्या भरवशावर मान झाकून बसलेल्यांना कोणी विचारले नाही.

हल्लीचे माप इतिहासातून घेतात. छत्रपती संभाजी महाराजांची समाधी असलेले वढू बुद्रुक शिरूर तालुक्यातच आहे, आणि दूरचित्रवाणीवर त्यांची भूमिका करणारे डॉ. अमोल कोल्हे २०१९ पासून शिरूर लोकसभा मतदारसंघाचे खासदार आहेत. २०२५ मध्ये ‘छावा’ आला आणि खांद्यापर्यंतचे केस, कोरलेली दाढी व कपाळावर चंद्रकोर असा संच ठरून गेला. महाराजांनी ‘बुधभूषण’ हा संस्कृत ग्रंथही लिहिला होता. तो संचात येत नाही.

असले केस आपल्यात नव्हते, असे पारावर सांगितले जाते. पेशवाईत घेरा ठेवून लांब शेंडी राखत असत. इंग्रजी अमलात रुळलेली बारीक कटिंग मात्र पाराला सनातन वाटते.

दौंडचे माप उलटे आहे. राज्य राखीव पोलीस दलाचे गट क्रमांक ५ आणि ७ याच गावात, पोलीस प्रशिक्षण केंद्र जवळच नानवीजला. भरतीची तयारी करणारी मुले पहाटे पाच किलोमीटर पळतात आणि त्यांच्या डोक्यावर कंगव्याला काम नसते. वयोमर्यादा उलटली की केस वाढू लागतात. तेव्हा अशा तरुणाच्या केसांची लांबी मोजून तिला सव्वाने भागले, तर त्याने भरतीचा नाद किती महिन्यांपूर्वी सोडला ते निघते.

सर्वांत मोठे खाते मुलीकडच्यांचे. स्थळ येणार म्हटले की दोन वर्षांची कमाई एका बैठकीत खाली पडते. शेती किती, नोकरी कायम की कंत्राटी, हे प्रश्न त्यानंतरही विचारले जातात.

कापायचे ठरले तरी दिवस मिळावा लागतो. सोमवारी सलून बंद. मंगळवार, शनिवार आणि अमावास्या आईला चालत नाही, गुरुवार दत्ताचा. बुधवारी आणि शुक्रवारी रांजणगावच्या कारखान्यात पाळी असते. उरतो रविवार. त्या दिवशी बाकावर नंबर लावून दोन तास बसल्यावर ‘थोडेसेच कमी करा’ असे सांगितले जाते, आणि थोडे म्हणजे किती हे कारागीर ठरवतो.