ऊब पोहोचेपर्यंत

फोक्सवॅगनच्या जुन्या बीटलला पाणी लागत नाही. रेडिएटरच नाही, तर तो गोठणार कुठून? जर्मनीतल्या हिवाळ्यात ही सोय मोठीच. पण इतर गाड्यांना गरम पाण्यातून आयती मिळणारी ऊबही त्यामुळे गेली. यावर तोड निघाली ती काटकसरी. १९६३च्या मॉडेलपासून एक्झॉस्टच्या तापलेल्या नळ्यांभोवती पत्र्याचे डबे आहेत. इंजिन थंड करणाऱ्या पंख्याची थोडी हवा त्यांतून फिरवायची आणि गाडीत सोडायची. त्याआधी सिलिंडर थंड करून आलेली हवाच प्रवाशांना मिळे, तेलाच्या वासासकट.

अडचण अंतराची. इंजिन मागे, गारठलेले पाय पुढे. हवा डब्यातून होजमध्ये, होजमधून दाराखालच्या पोकळ पट्टीत, तिथून पायांशी आणि शेवटी काचेवर जाते. वाटेतल्या सांध्यांवर रबरी सील. साठ वर्षांनी ते रबर कडक होतं, चिरतं, बोट लावलं की भुगा पडतो. दिल्लीहून निघालेल्या रुपयाचं गावात पोहोचेपर्यंत जे होतं, तेच मग या उबेचं होतं.

शेजारचे आजोबा सध्या अशीच एक बीटल पुन्हा उभी करताहेत. रंग पाहून लोक थांबतात. सील पाहायला कुणी थांबत नाही, आणि आजोबांना कौतुक नेमकं त्यांचंच. त्यातही इंजिनाच्या कडेने फिरणाऱ्या रबरी पट्टीचं. वर पंख्याची गार हवा, खाली एक्झॉस्टची तापलेली. दोघींची भेट होऊ द्यायची नाही, एवढंच तिचं काम. ती फाटली की खालची गरम हवा पंखा पुन्हा ओढून घेतो. म्हणजे रबरं सगळीच म्हातारी झाली, तर माणसं गारठतात आणि इंजिन तापतं! काही घरांतही उष्णतेची अशीच वाटणी असते, पण ते राहू द्या.

पट्टी नीट बसवायची तर इंजिन उतरवलेलंच बरं. ते गिअरबॉक्सला चारच बोल्टांनी धरलेलं असतं, हे आजोबा इतक्या सहज सांगतात की ऐकणारा जॅक धरायला जाऊन बसतो. (मी बसलो.) एरवी पै-पैचा हिशेब ठेवणारे आजोबा एका बाबतीत मात्र हात सैल सोडतात. एक्झॉस्टभोवतीचे डबे गंजलेले असले तर ठिगळ नाही, सरळ नवे. आतली नळी सडली तर उबेबरोबर कार्बन मोनॉक्साइडही गाडीत येतो, आणि त्याला वास नसतो.

परवा गाडी रस्त्यावर आली. पाय खरंच शेकले. फक्त सिग्नलला इंजिन मंदावलं की ऊबही मंदावते. ती खोड जन्मजात, तिला सील नाही. काच मात्र स्वच्छ राहिली. पूर्वी बीटलवाले काचेवरचं बर्फ आतूनही खरवडायचे. आता त्याची गरज नाही, तरी आजोबा त्या काळातलाच खरवडा शोधत जुन्या बाजारांतून हिंडताहेत. म्हणतात, गाडीबरोबर तो हवाच.