फॉरमॅट मारा म्हणणाऱ्यांविषयी

आमच्या कॉम्प्युटरचा बिघडलेला भाग शंभर मेगाबाइटचा होता. दोन टेराबाइटच्या डिस्कमधले शंभर मेगाबाइट. बाकी सगळं, म्हणजे मुलांचे लहानपणापासूनचे फोटो, सासूबाईंच्या आवाजातल्या ओव्या, पुण्यातल्या फ्लॅटची कागदपत्रं, जागच्या जागी आणि धडधाकट होतं. तरी इथे दोह्यात ज्याला विचारावं त्याचं उत्तर एकच: फॉरमॅट मारा. मला याचा मनापासून राग येतो आणि तो का येतो ते सांगायचं आहे.

कॉम्प्युटर सुरू केला की मदरबोर्डवरचं यूईएफआय हे फर्मवेअर त्या शंभर मेगाबाइटच्या छोट्या पार्टिशनमध्ये जातं आणि तिथली बूटलोडरची फाइल उचलतं. विंडोज कुठे ठेवलंय ते तिला शेजारच्या बीसीडी नावाच्या नोंदवहीतून कळतं. जुन्या पद्धतीत ही सुरुवात डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटपासून व्हायची. आमच्या घरी विंडोजचा अपडेट चालू असताना ब्रेकर पडला आणि ही नोंदवही अर्धवट लिहिली गेली. कतारमध्ये वीज सहसा जात नाही, त्यामुळे पुण्यात कॉम्प्युटरसोबतच घेतला जायचा तो यूपीएस इथल्या घरांत क्वचितच दिसतो. घरातला पत्ता लिहिलेला कागद फाटला, एवढंच झालं होतं. त्यासाठी घर पाडून नवं बांधा, असा सल्ला मला दिला जात होता.

दुकानात पहिला प्रश्न येतो, कुठल्या कंपनीचा? असेंबल केलेल्या कॉम्प्युटरला कंपनी नसते. मदरबोर्ड एकाचा, एसएमपीएस दुसऱ्याचा, डिस्क तिसऱ्याची, आणि बूटलोडर यांतल्या कोणाच्याच वॉरंटीत बसत नाही. काउंटरवरचा मुलगा कॅबिनेट न उघडता, स्क्रीन न बघता म्हणतो, ‘फॉरमॅट करना पड़ेगा, मॅडम. डेटा की गॅरंटी नहीं.’ मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि पुण्याच्या तापकीर गल्लीत मी हे सुटे भाग घ्यायला उभी राहिलेली आहे. तिथेही फॉरमॅट मारणारे पुष्कळ होते. पण डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून आधी डेटा बघू, असं म्हणणारा एखादा तरी सापडायचा. इथे मला तो अजून भेटलेला नाही.

मग घरीच दुरुस्तीला बसावं लागतं, आणि त्यात वाराचं गणित आडवं येतं. इथली सुट्टी शुक्रवार-शनिवारची. शुक्रवारी दुपारच्या नमाजापर्यंत बाजार जवळजवळ बंदच असतो. मदत करू शकणारा पुण्याचा भाचा रविवारी मोकळा, तेव्हा माझं ऑफिस. इथले रात्रीचे दहा म्हणजे तिथले साडेबारा. ‘मावशी, उद्या करू या ना,’ तो म्हणतो, आणि बिचारा बरोबरच म्हणतो.

दुरुस्तीसाठी आठ जीबीचा पेनड्राइव्ह हवा आणि तो तयार करायला दुसरा चालू कॉम्प्युटर हवा. ऑफिसच्या लॅपटॉपचे यूएसबी पोर्ट बंद केलेले, म्हणून शेजारच्या वहिनींचा लॅपटॉप मागितला. पेनड्राइव्ह लावून बूट मेनू उघडायचा तर कोणती कळ? एका कंपनीच्या मदरबोर्डला एफ८, दुसरीच्या एफ११, तिसरीच्या एफ१२. स्क्रीनवर ती क्षणभर लिहून येते, पण माझा मॉनिटर जागा होईपर्यंत तो क्षण गेलेला असतो. सगळ्या मदरबोर्डवाल्यांनी मिळून एक कळ ठरवायला काय हरकत आहे, हे मला कोणीतरी गंभीरपणे समजावून सांगावं.

आत शिरल्यावर स्टार्टअप रिपेअर बराच वेळ फिरतं आणि दुरुस्ती करता आली नाही असं सांगून एका फाइलचा पत्ता देतं. कारण त्या फाइलमध्ये आहे म्हणे. पण ती वाचायला कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीतून हाताने नोटपॅड उघडावं लागतं, आणि हे तिथे लिहिलेलं नसतं. बूटरेक ही आज्ञा कधी ‘ॲक्सेस इज डिनाइड’ म्हणते, कधी सापडलेल्या विंडोजची संख्या शून्य दाखवते. विंडोज तर तिथेच असतं! शिवाय या खिडकीत ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात. रोजचा सी इथे डी होतो, आणि चुकीच्या अक्षराला आज्ञा द्यायची भीती मनात राहते. कीबोर्डचा लेआउट यूके निवडला गेला असेल तर उलटी तिरपी रेघ तिच्या कळेवर सापडतच नाही, तिथे दुसरंच चिन्ह उमटतं. त्या रेघेशिवाय पुढची आज्ञा लिहिता येत नाही.

त्याआधी बिटलॉकर या डिस्कच्या कुलपाची ४८ अंकी की मागितली जाते. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून, नव्याने विंडोज टाकून मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की पुष्कळ कॉम्प्युटरवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. की त्या खात्यात असते, आणि खातं उघडायचा कोड भारतातल्या नंबरवर जातो. तो नंबर पुण्याला आईच्या फोनमध्ये, आणि आई साडेनवाला झोपते. परदेशात राहणाऱ्या माणसाचा जुना नंबरच सुरक्षिततेचा आधार धरणाऱ्यांनी आमच्यासारख्या घरांचा विचार केलेला नाही.

आणि दोष दर वेळी ब्रेकरचाच असतो असंही नाही. १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर, एकाच डिस्कवर लिनक्सही ठेवणाऱ्या अनेकांचं लिनक्स उघडेना. काहीतरी गंभीर बिघडलं आहे, एवढं सांगून मशीन बंद व्हायचं. मायक्रोसॉफ्टची कायमची दुरुस्ती आली मे २०२५ मध्ये. तोवरच्या महिन्यांत किती दुकानांत किती डिस्क पुसल्या गेल्या असतील, हा विचार मला अस्वस्थ करतो.

कारण दुरुस्ती खरोखर एका ओळीची आहे. कुलूप उघडलेलं असलं आणि अक्षरं बरोबर असली, तर बीसीडीबूट ही आज्ञा विंडोजच्याच फोल्डरमधून बूटलोडरच्या फाइली पुन्हा उतरवते आणि नवी नोंदवही बनवते. फोटोंना, ओव्यांना हात लागत नाही. आमचा कॉम्प्युटर याच ओळीने सुरू झाला.

माझं मागणं एवढंच आहे. दुकानाच्या दरपत्रकात फॉरमॅटचा दर असतो, तसा बूटलोडर दुरुस्तीचाही असावा, हवं तर फॉरमॅटपेक्षा जास्त असावा. मी तो देईन. आणि डिस्क पुसण्याआधी काउंटरवरच्या मुलाने गिऱ्हाइकाला विचारावं, आत काय आहे?