गव्हाचा उपवास

लांब पल्ल्याचं पळणाऱ्या माणसाचं आयुष्य घड्याळावर चालतं, असा एक समज आहे. माझं ते डब्यांवर चालतं. पहाटे साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढताना खाली शहराचे दिवे एकेक करून मालवत असतात, वारा कासच्या बाजूनं गवताचा ओला वास घेऊन येतो, आणि मनात मात्र ‘रात्री मूग भिजत घातले ना?’ एवढा एकच प्रश्न पावलांच्या ठेक्यावर फिरत राहतो. पळताना म्हणे थोर विचार सुचतात. मला मूग सुचतात.

घरी परतेपर्यंत शरीर वसुलीला आलेल्या सावकारासारखं उंबऱ्यात बसलेलं असतं. झिजलेल्या स्नायूंची डागडुजी त्याला तिथल्या तिथे हवी असते. पळणाऱ्यानं दिवसाला वजनाच्या दर किलोमागे १.२ ते २ ग्रॅम प्रथिनं खावीत, असं क्रीडा-आहाराचे जाणकार सांगतात. म्हणजे न्याहारीच्या वाट्याला पंचवीसेक ग्रॅम तरी यायला हवीत. आपले गुणी, पिवळेधमक, खोबरं-कोथिंबिरीनं नटलेले पोहे इथे कमी पडतात. शंभर ग्रॅम पोह्यांत प्रथिनं जेमतेम सात. उपमा सोज्वळ खरा, पण तो रव्याचा, आणि रवा गव्हाचा. माझ्या लहान आतड्याचं गव्हाशी पटत नाही. डॉक्टर त्याला सिलिॲक म्हणतात. गहू, जव आणि राय यांतलं ग्लूटेन पोटात गेलं की शरीराची संरक्षक फौज बिथरते आणि आपल्याच आतड्याच्या अस्तरावर चाल करून जाते.

हे सगळं मी सासूबाईंना आकृती काढून समजावत होते. त्यांनी आकृतीकडे फारसं पाहिलं नाही. म्हणाल्या, “म्हणजे तुला गव्हाचा उपवास. कायमचा. एवढंच ना?”

एवढंच होतं. ‘कणभरसुद्धा चालत नाही’ हे समजावताना शिकलेल्या मंडळींपुढेही माझी दमछाक होते. “अगं, एका पोळीनं काय होतंय!” हे वाक्य तर मी प्रत्येक लग्नाच्या पंगतीत ऐकते. पण ज्या बाईनं जन्मभर एकादशीला वेगळा तवा काढला, शिंगाड्याच्या डब्यात गव्हाच्या पिठाचा चमचा घालणाऱ्यावर डोळे वटारले, तिला कणाची किंमत कोण शिकवणार? गिरणीत ज्वारी न्यायची ती गव्हावर दळायची नाही, हे त्यांनी मी सांगण्याआधीच ठरवून टाकलं. शेवटी घरघंटीच आली. एका दुपारी चष्मा कपाळावरून नाकावर ओढून त्या हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं वाचत बसल्या होत्या. बांधणीच्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. “बघ, इथे लपलाय!” त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून आमच्याकडे खड्याचा हिंग आला.

मग मला दिसलं, की आपलं उपवासाचं फडताळ उघडलं तर साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा यांतल्या एकातही ग्लूटेन नाही. युरोपात गव्हाचा हा दोष कळायला केवढं दुःख सोसावं लागलं! दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५च्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये दुष्काळ पडला आणि पाव मिळेनासा झाला. तेव्हा विलेम डिके या बालरोगतज्ज्ञाकडच्या सिलिॲकच्या मुलांची तब्येत सुधारली. पाव परतला तशी पुन्हा ढासळली. डिकेंना गव्हाचा संशय आधीपासून होताच, तो पक्का झाला.

सासूबाईंना माझ्या उपवासात एकच खोट दिसते. “पोळी चालत नाही, पण मूग चालतात, ज्वारी चालते, अंडीसुद्धा चालतात! हा कुठल्या देवाचा?” अंड्यांचं भांडं वेगळं आहे आणि ते खिडकीतल्या वरच्या फळीवर राहतं. तेवढं त्यांचं राज्य अबाधित आहे.

तर आमची न्याहारी अशी. रात्री भिजत घातलेले पन्नास ग्रॅम मूग आलं, मिरची, जिरं घालून जरासे सरबरीत वाटायचे, त्यात मूठभर ज्वारीचं पीठ घालून धिरडी काढायची. पीठ माण तालुक्याकडच्या शाळूचं असलं तर उत्तम. त्याच माणच्या मोहीची ललिता बाबर २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम शर्यतीत धावली. श्रेय शाळूला द्यायचा मोह होतो, पण ते तिच्या पायांचंच. प्रथिनांच्या घटकांपैकी धान्यात लायसिन कमी, डाळीत मेथिओनिन कमी. दोघं एकत्र आली की एकमेकांचं उणं भरून काढतात. सोबत दोन उकडलेली अंडी आणि शेंगदाण्याची चटणी. पंचविशी सहज ओलांडते.

या धिरड्याला ओढाताण सोसत नाही. ग्लूटेनचा चिवटपणा नसल्यामुळे घाईनं उलथनं घातलं की त्याचे तुकडे होतात. वर थेंबभर तेल सोडून थांबायचं; कडा आपसूक वर उचलल्या, तांबूस झाल्या, की मगच हात लावायचा. बेचाळीस किलोमीटर धीर धरणारी मी त्या दोन मिनिटांत चुळबुळते. सासूबाई ओट्याला टेकून उभ्या असतात. “एवढी पळून जातेस तरी कुठे?” त्या मध्येच विचारतात.

“कुठे नाही हो आई, परत इथेच येते.”

“मग सावकाश उलट. कुठे जायचंय?”

गहू सोडायची टूम सध्या जोरात आहे, म्हणून जाता जाता एक सांगते. सिलिॲकची शंका असेल तर आधी तपासणी करून घ्या, आणि तीही गहू खात असतानाच. आधीच सोडला तर रक्ताच्या तपासणीत तो आजार सापडेलच असं नाही. तपासणीत काही निघालं नाही, तर हा उपवास उगाच धरू नका. तूप लावलेली गरम पोळी सुखानं खा. मूग मात्र आज रात्रीच भिजत घाला; ते पळणाऱ्याला आणि बसणाऱ्याला सारखेच लागू पडतात.