वापसा काही येईना

मिरजगावात ज्वारीच्या पेरणीसाठी कोणी कमिटी नेमत नाही. मूठभर माती दाबायची. ढेकूळ बोटांत भुसभुशीत फुटलं की वापसा आला, पाभर धरायची. सायपाय या पायथॉन संगणकभाषेतल्या लायब्ररीला मात्र २००१पासून तब्बल सोळा वर्षं वापसाच येईना. मधल्या काळात गुरुत्वीय लहरी सापडल्या, त्या आकडेमोडीत हीच लायब्ररी राबली. आवृत्ती तरीही शून्य पूर्णांक काहीतरी! त्या लहरींतून कृष्णविवरांची टक्कर टिपली, पण स्वतःला स्थिर म्हणवायचा धीर होईना. बरोबरच आहे म्हणा. एकदा १.० म्हटलं, की काही मोडल्यावर ‘अजून कच्चंच आहे हो’ म्हणायची सोय संपते. अखेर ऑक्टोबर २०१७मध्ये १.० निघाली. पुढच्या मार्चमध्ये दुरुस्तीची १.०.१ हजर.