सांगून जाणारा फोन

फोन लागला नाही की पलीकडची बाई दोनपैकी एक वाक्य ऐकवते. फोन स्विच ऑफ आहे, किंवा ग्राहक कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर आहे. आमच्या आत्याच्या लेखी या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ‘कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर’ म्हणजे गाडी घाटात असेल, बोगदा लागला असेल. कुकर लावायला हरकत नाही. ‘स्विच ऑफ’ म्हणजे मात्र काहीतरी शिजतंय. माणसाने आपल्या हाताने फोन बंद केला, आणि तोही आत्याचा फोन येणार हे पक्कं ठाऊक असताना!

गंमत म्हणजे आत्याचं निदान तांत्रिकदृष्ट्या बरंचसं बरोबर आहे. कंपनीगणिक वाक्यं बदलतात, कधी चुकीचं वाक्यही वाजतं. पण एरवी त्या बाईला हा फरक कळतो, कारण फोनने तो आधीच सांगून ठेवलेला असतो. आपण बंद करायचं बटण दाबतो, पडद्यावर चक्र गरगरतं, आणि विझता विझता फोन टॉवरला एक छोटासा संदेश धाडतो: मी निघालो, आता मला हाका मारू नका. याला ‘डिटॅच’ म्हणतात. या निरोपाला नेटवर्क उत्तर देत नाही, फोनही उत्तरासाठी अडून बसत नाही. टू-जीच्या जीएसएम मानकापासून चालत आलेली ही रीत आहे. आपल्याकडे ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कलकत्त्याहून दिल्लीला तेव्हाचे दूरसंचार मंत्री सुखराम यांना पहिला मोबाइल कॉल केला, त्याची नोंद झाली. तो फोन बंद होताना टॉवरचा निरोप घेऊन गेला की नाही, हे कोणी लिहून ठेवलं नाही. इतिहासाचं हे असंच असतं.

बोगद्यात मात्र फोनला काही सांगायची सवडच मिळत नाही. कर्जत सोडून गाडी घाट चढू लागते, बोगदा येतो, सिग्नलच्या काड्या पटापट गळतात. नेटवर्कच्या वहीत फोन अजून त्याच टापूत हजर. आत्याने फोन लावला की त्या टापूतल्या सगळ्या टॉवरवरून हाकारा सुरू होतो. तोही खऱ्या ओळखीने नाही, नेटवर्कने दिलेल्या तात्पुरत्या क्रमांकाने. सिममधला पंधरा आकडी क्रमांक ऊठसूट हवेत पुकारणं बरं नव्हे. एरवी खिशात झोपलेला फोनसुद्धा सेकंद-दीड सेकंदाला कान टवकारून आपल्याला कोणी बोलावतंय का ते ऐकत असतो. पण बोगद्यात हाकच पोचत नाही. ओ येत नाही. मग ती बाई दुसरं वाक्य ऐकवते.

फोन कुठेही न जाता टेबलावर पडून असला, तरी त्याला अधूनमधून हजेरी द्यावीच लागते. जुन्या जीएसएममध्ये दोन हजेऱ्यांमधला हा अवधी सहा-सहा मिनिटांच्या हिशेबाने साडेपंचवीस तासांपर्यंत वाढवता येई. फोर-जीच्या मानकात, वेगळं काही सांगितलं नसेल तर, तो ५४ मिनिटांचा. ५४ मिनिटं उलटली आणि फोनचा पत्ता नसला, तरी नेटवर्क लगेच बोंब मारत नाही. आणखी चार मिनिटं वाट बघतं. ही चार मिनिटं ज्या समितीने घातली, तिच्यात वयात आलेल्या मुलांचा एखादा बाप नक्की असणार.

ठावठिकाण्याचं झालं, गुणांचंही तेच. नेटवर्कने विचारलं की फोन आपला बायोडेटा सादर करतो: कोणकोणते बँड, म्हणजे लहरींचे पट्टे, चालतात, एका वेळी किती जोडता येतात, कोणाबरोबर कोणता जुळतो. वधू-वर मेळाव्यातल्या बायोडेटापेक्षा यात अतिशयोक्ती कमी. लांबी मात्र अशी वाढली की एका संदेशात मावणाऱ्या ८१८८ बाइटांची मर्यादा कमी पडू लागली, आणि पुढच्या मानकांत हा मजकूर तुकड्यातुकड्यांनी पाठवायची मुभा द्यावी लागली.

शिवाय फोन आपली आवडही कळवतो. बोलणं महत्त्वाचं की इंटरनेट? बोलणं महत्त्वाचं म्हणणाऱ्या फोनला फोर-जीवर बोलायची सोय नाही असं कळलं, तर तो वेगवान इंटरनेटवर पाणी सोडून जुन्या, हळू जाळ्यावर जाऊन बसतो. सेटिंगमध्ये ही आवड बदलली की पुन्हा लगेच वर्दी. बाजारात मिळणारे बहुतेक स्मार्टफोन बोलणाऱ्यांच्या गटात मोडतात. आमच्या भाच्याचाही. भाचा त्यावर शेवटचा कधी बोलला हे त्याच्या आईला आठवत नाही, पण फोन बिचारा टॉवरपुढे त्याची बाजू सांभाळून असतो.

इतक्या सरळमार्गी यंत्राकडून खोटं बोलवून घ्यायचं तर त्याचं तोंडच दाबावं लागतं, आणि ही विद्या आपल्या लोकांनी कोणत्याही मानकाची पानं न उलटता हस्तगत केली होती. उधारीवाला मागे लागला, साहेबाने रविवारी बोलावलं, की फोन बंद करायचा नाही. चालू फोनचं मागचं झाकण नखाने उचकटायचं, बॅटरी ढिली पडू नये म्हणून खाली घातलेली कागदाची घडी सांभाळायची, आणि बॅटरी खसकन ओढायची. निरोपाचा संदेश गेलाच नाही, म्हणजे वहीत नाव कायम. उधारीवाल्याला ऐकू येणार ‘कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर’, आणि तो बिचारा समजणार गडी गावाला गेला.

आता बॅटऱ्या आत चिकटवून येतात. नवी मंडळी फ्लाइट मोडवर विसंबतात आणि तिथेच फसतात. कारण फ्लाइट मोडमध्ये जातानाही फोन आधी शहाण्यासारखा निरोप घेतो, म्हणजे पलीकडे बहुधा ‘स्विच ऑफ’च वाजतं. आमच्या काकांनी यावर लाडवांचा रिकामा स्टीलचा डबा काढला आहे. झाकण घट्ट बसलं तर काम होतं म्हणतात. अडचण एवढीच, की दुपारी काकांचा फोन लागेनासा झाला की काकू आधी फडताळातले डबे उघडून बघते.