कॅम्पातला जाणकार

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर कल्याणच्या पुढे जी मध्यमवर्गीय मराठी वस्ती पसरलेली आहे, तिच्यातील पुरुषांत एक पोटजात अशी आढळते की जिची नोंद ना जनगणनेने घेतली आहे, ना जातिव्यवस्थेच्या अभ्यासकांनी. हिला येथे सोयीसाठी ‘जाणकार’ असे म्हटले आहे. जाणकार म्हणजे बदलापूर किंवा अंबरनाथ येथे राहणारा असा गृहस्थ, जो शेजारच्या समाजाचे अन्न त्या समाजापेक्षा आपल्याला अधिक कळते असे मानतो आणि ही समजूत दर रविवारी सकाळी उल्हासनगरात उभ्याने दाल-पकवान खाऊन पक्की करून घेतो. दाल-पकवान हा सिंधी समाजाचा न्याहारीचा पदार्थ असून त्यात जिरे किंवा ओवा घातलेली, फुगू नये म्हणून टोचे मारून तळलेली मैद्याची कडक पुरी, म्हणजे पकवान, आणि शिजूनही दाणा न मोडलेली हरभऱ्याची डाळ असते. डाळीवर चिंचेची व कोथिंबिरीची चटणी आणि बारीक चिरलेला कांदा येतो. इतक्या साध्या पदार्थाभोवती एवढे पांडित्य कसे साचले, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

जाणकाराचा प्रवास जेमतेम दोन स्थानकांचा असतो, परंतु त्याची पूर्वतयारी परदेशगमनाला शोभावी अशी असते. शनिवारी रात्रीच तो सोबत येणाऱ्या मंडळींना, म्हणजे इमारतीत नव्याने राहावयास आलेले कुटुंब, पुण्याचा साडू किंवा कचेरीतील एखादा होतकरू कनिष्ठ सहकारी यांना, काही खाऊन निघू नका अशी ताकीद देतो, आणि सकाळी फलाटावर हातात पिशवी व पिशवीत झाकणाचा स्टीलचा डबा घेऊन सर्वांच्या आधी हजर राहतो. उल्हासनगराला तो उल्हासनगर म्हणत नाही. या भागातील जुन्या लोकांच्या रीतीप्रमाणे तो ‘कॅम्प’ म्हणतो, आणि ‘कॅम्पात जाऊन येऊ’ हे शब्द तो अशा स्वरात उच्चारतो की ऐकणाऱ्याला तेथे जाण्यास परवाना लागत असावा असे वाटते. अंबरनाथच्या जाणकाराबाबत एक गोष्ट विशेष नोंदण्याजोगी आहे. त्याच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर शके 982 चा, म्हणजे इ. स. 1060 चा, शिलालेख असलेले शिलाहारकालीन शिवमंदिर आहे, आणि महाशिवरात्रीला त्याच्यामुळे रस्ता बंद होतो एवढीच त्याची माहिती गृहस्थाला असते. दुसऱ्याचा चारशे मीटरचा बाजार ज्याला तोंडपाठ आहे त्याला स्वतःचे हजार वर्षांचे मंदिर दिसू नये, ही या पोटजातीची एक ठळक खूण होय.

गाडी सुटताच व्याख्यान सुरू होते. जाणकाराची सनावळी बिनचूक असते, हे मान्य केले पाहिजे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात येथे लष्कराची छावणी होती आणि तिला कल्याण कॅम्प म्हणत. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या, लाखाच्या आसपास भरणाऱ्या निर्वासितांना याच छावणीच्या बरॅकींत, म्हणजे सैनिकांसाठी बांधलेल्या लांबट चाळवजा इमारतींत, आसरा देण्यात आला. आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसून वसाहतीला उल्हास नदीवरून नवे नाव मिळाले, हे सर्व तो अंबरनाथ स्थानक मागे पडण्यापूर्वी सांगून टाकतो. पंजाब व बंगाल हे प्रांत दुभागले गेले, त्यामुळे पंजाबी व बंगाली भाषांना भारतात आपापला प्रांत उरला. सिंध मात्र अखंड पाकिस्तानात गेला, म्हणून सिंधी माणसाच्या वाट्याला प्रांताऐवजी कॅम्प क्रमांक एक ते पाच आले, हेही तो सांगतो, आणि हे सांगताना त्याचा आवाज खरोखरच हलतो. परंतु पुढच्याच वाक्यात तो कॅम्प क्रमांकांचे चवीनुसार वर्गीकरण करू लागतो. बरॅक क्रमांक आजही पत्त्यांत लिहिले जातात, याचे त्याला अप्रूप असते ते निर्वासितांच्या इतिहासापेक्षा हातगाडी शोधताना होणाऱ्या सोयीमुळे. सिंध प्रांत 1936 पर्यंत मुंबई इलाख्यात होता, हा त्याचा हुकमाचा पत्ता. त्यावरून दाल-पकवान हे एका अर्थी आपलेच, असा निष्कर्ष तो काढतो. आणि कराचीतील पहिली सरकारी शाळा, जी 1855 मध्ये सुरू झाली, ती आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने ओळखली जाते, ही माहिती ज्या दिवशी त्याच्या हाती लागली त्या दिवसापासून त्याने या पदार्थावरील मराठी हक्काबाबतची शंका कायमची सोडून दिली आहे.

प्रत्येक जाणकाराची एक ‘आपली’ गाडी असते. तिचा पत्ता गुप्त ठेवावा लागतो, असे तो मानतो, यद्यपि तिच्याभोवती सकाळी आठ वाजता पन्नास माणसे उभी असतात. ही गाडीच खरी, बाकीच्या नकला, हे त्याचे पहिले सूत्र. आणि तीसुद्धा आता पूर्वीसारखी राहिलेली नाही, हे दुसरे. पूर्वी, म्हणजे सध्याच्या मालकाचे वडील बसत तेव्हा, डाळीला जी चव होती ती गेली, असे तो मालकाच्या समोर आणि मालकाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणतो. मालक हे वाक्य प्रत्येक रविवारी निरनिराळ्या डझनभर जाणकारांकडून ऐकत असल्यामुळे मान डोलावतो व पुढची थाळी भरतो. खाण्याच्या पद्धतीबाबतही जाणकार कर्मठ असतो. पकवानाचा तुकडा मोडून तो डाळीत बुडवावा, की डाळच पकवानावर ओतावी, या प्रश्नावर सिंधी घरांत दोन्ही मते गुण्यागोविंदाने नांदतात. जाणकाराच्या दृष्टीने मात्र ओतणे हा धर्मभ्रंश होय, आणि शेजारी उभा असलेला एखादा वयस्क सिंधी गृहस्थ निवांतपणे डाळ ओतून घेताना दिसला तर तो आपल्या मंडळींना हळूच सांगतो की हा बाहेरून आलेला असावा.

भाषेच्या बाबतीत त्याची स्थिती अधिक नाजूक असते. त्याने ‘कीअं आहियो’, म्हणजे ‘कसे आहात’, आणि ‘वडी मेहरबानी’, म्हणजे ‘मोठी कृपा’, असे दोन सिंधी प्रयोग कमावलेले असतात. गाडीजवळ पोचताच तो पहिला प्रयोग मोठ्याने करतो. गाडीवाला याच शहरात जन्मलेला व येथेच वाढलेला असल्यामुळे अस्खलित मराठीत ‘बोला दादा, किती प्लेट?’ असे विचारतो, आणि कढईशी उभा असलेला कारागीर, जो बहुधा उत्तर प्रदेशातून आलेला असतो, पकवान उलटत भोजपुरीत काही पुटपुटतो. या त्रिवेणी संगमात सिंधी बोलणारा एकटा जाणकारच असतो. 2011 च्या जनगणनेत सुमारे तेरा चौरस किलोमीटरांत पाच लाखांहून अधिक माणसे मोजली गेलेल्या या शहरात कोण कोणाच्या हातचे काय खातो याचा हिशेब लावणे कठीण आहे. सिंधी मुलगा वडापावाच्या गाडीवर, मराठी बाप दाल-पकवानाच्या गाडीवर आणि दोघांचे शेजारी चायनीजच्या गाडीवर उभे असलेले येथे एकाच चौकात दिसू शकतात; परंतु अशा सरमिसळीने जाणकाराचे समाधान होत नाही. त्याला अस्सल हवे असते, आणि अस्सल म्हणजे ज्याच्याविषयी इतरांना बजावून सांगता येते ते.

वास्तविक शितावरून भाताची परीक्षा करण्याच्या या पद्धतीत मुख्य अडचण अशी की सिंधी स्वयंपाकाचा मोठा भाग गाडीवर येतच नाही. पालक, चुका, शेपू आणि हरभऱ्याची डाळ एकत्र शिजवून घोटलेली साई भाजी. कांदा व मिरची घालून, आधी अर्धवट भाजून आणि मग तव्यावर तेल सोडून पुन्हा खरपूस केलेली जाड कोकी. उरलेल्या पोळीचे तुकडे लसूण, कोथिंबीर आणि टोमॅटोच्या रश्शात मुरवलेली सेयल मानी. ‘भी’ या नावाने ओळखली जाणारी कमळकाकडी: हे सारे घराच्या उंबरठ्याच्या आतले अन्न आहे. श्रावण वद्य सप्तमीला, म्हणजे गोकुळाष्टमीच्या आदल्या दिवशी, थदडी नावाचा सण येतो, तेव्हा सिंधी घरांत चूल पेटत नाही आणि आदल्या दिवशी केलेले गोड लोले व कोकी थंडच खाल्ली जाते. त्या दिवशी शेजारधर्म हाच एक मार्ग असतो, आणि जाणकाराकडे नेमका तोच नसतो. घीअर ही होळीपूर्वी काही दिवस मिठाईच्या दुकानांत मिळणारी, जिलबीच्या कुळातली पण ताटलीएवढी मिठाई तेवढी त्याच्या आवाक्यात येते. ती तो किलोने आणतो आणि इमारतीत वाटताना तिच्यावरही बोलतो.

त्याच्या घरात त्याच्याहून अधिक जाणणारी व्यक्ती असते, याचा त्याला पत्ता नसतो. ती म्हणजे त्याची पत्नी. तिने वर्षानुवर्षे सकाळच्या लोकलच्या महिलांच्या डब्यात उल्हासनगर स्थानकावर चढणाऱ्या मैत्रिणींसोबत डबे वाटून घेतलेले असतात. तिला साई भाजीतील शेपूचे प्रमाण ठाऊक असते, थदडीचा लोला तिच्या घरी पोचलेला असतो, आणि सिंधी घरात पाहुण्यापुढे प्रथम पाणी व पापड येतो हे तिने वाचलेले नसून खाल्लेले असते. एखाद्या रविवारी दुपारी जाणकार पाहुण्यांना सिंधी कढीचे शास्त्र समजावून देऊ लागतो आणि कढी म्हटल्यावर ताक आलेच, असा सिद्धान्त मांडतो. तेव्हा आतून, भांडी विसळण्याचा आवाज न थांबता, असे उत्तर येते की तिच्यात ताक नसते; बेसन तेलात तांबूस होईपर्यंत भाजायचे, पाणी घालून उकळायचे, चिंचेचा कोळ टाकायचा, आणि गवार, भेंडी, शेवग्याच्या शेंगा व बटाटे सोडायचे. यावर जाणकार पाहुण्यांकडे पाहून क्षमाशील स्मित करतो व म्हणतो की हिला घरगुती प्रकार माहीत आहे.

या पोटजातीचा विस्तार आता समुद्रापारही झाला आहे, कारण बदलापूरच्या इमारतींतून वाढलेली मुले अमेरिकेत नोकऱ्या करतात आणि आईवडिलांना उन्हाळ्यात बोलावून घेतात. वॉशिंग्टन शहरात जाणकाराला त्याची मुलगी इथिओपियन उपाहारगृहात नेते, ही घटना अभ्यासकाच्या दृष्टीने मोलाची आहे. 1974 मध्ये सम्राट हैले सेलासी यांची सत्ता उलथल्यानंतर देश सोडावा लागलेल्या इथिओपियन लोकांनी त्या शहरात मोठ्या संख्येने वस्ती केली आणि अॅडम्स मॉर्गन या भागात उपाहारगृहे उघडली. म्हणजे तेथेही पोटासाठी मांडलेल्या निर्वासितांच्या चुलीवर इतरांची सुट्टी साजरी होते, आणि तेथेही जाणकार आहेत, फक्त ते गोरे आहेत. मेजावर एकच मोठे ताट येते. त्यात टेफ नावाच्या अतिबारीक धान्याचे पीठ आंबवून केलेली इंजेरा ही मऊ, जाळीदार, आंबूस पोळी अंथरलेली असते आणि तिच्यावर निरनिराळ्या भाज्या व डाळी वाढलेल्या असतात. सर्वांनी त्याच पोळीचे तुकडे मोडून खावयाचे असते. जाणकार पहिला घास घेतो व जाहीर करतो की ही आंबोळी आहे. शिरो हा हरभऱ्यासारख्या कडधान्यांच्या पिठाचा रस्सा पुढे आल्यावर ते पिठले ठरते. इथिओपियाच्या सनातनी ख्रिस्ती परंपरेत बुधवारी व शुक्रवारी उपवास असतो आणि त्या दिवशी मांस, दूध, लोणी वर्ज्य करून डाळी व भाज्यांवर दिवस काढला जातो, हे ऐकून तो साबुदाण्याच्या अभावाबद्दल हळहळतो. मग मालकीणबाई त्या देशाच्या रीतीप्रमाणे, ज्या रीतीला गुर्शा म्हणतात, स्वतःच्या हाताने घास बनवून आदराने त्याच्या मुखाशी आणतात, आणि एकाच ताटाने आधीच डळमळीत झालेली त्याची उष्ट्या-खरकट्याची सारी शिकवण त्या घासापुढे उभी राहते. तो डोळे मिटून घास घेतो. या प्रसंगी तो क्षणभर गप्प असतो, अशी त्याच्या मुलीची साक्ष आहे. नंतर अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर मलिक अंबर हा मूळचा इथिओपियाचाच, हे त्याला आठवते आणि पुढचे सर्व मार्ग मोकळे होतात: मालकीणबाईंना तो औरंगाबादची, म्हणजे त्या काळच्या खडकीची, नहर समजावून देतो. परतल्यावर बदलापुरात तो इथिओपियाविषयीचा शेवटचा शब्द असतो.

तरीही या गृहस्थाविषयी अगदीच प्रतिकूल निकाल देणे न्यायाचे होणार नाही. त्याच्या इमारतीत असे कितीतरी लोक आहेत ज्यांनी तीस वर्षे रोज उल्हासनगर स्थानक खिडकीतून पाहिले, तेथील कापड, फर्निचर व जीन्स स्वस्त मिळतात म्हणून खरेदी केली, तेथील मालाच्या नकलीपणावर ठरलेले विनोद केले, आणि एकदाही तेथे घास खाल्ला नाही. जाणकार निदान खातो, पैसे मोजतो, गर्दीत उभा राहतो, दुसरी थाळी मागतो, आणि डब्यातून उरलेली डाळ घरी नेतो. त्याचे ज्ञान हातगाडीच्या लांबीएवढे आहे, एवढाच त्याचा दोष. आणि ते तो बोलून लांबवतो, हा त्याच्या श्रोत्यांचा.

ज्या वाचकाला या पदार्थाची इच्छा झाली असेल त्याने रविवारी सकाळी लवकर निघावे, कारण चांगल्या गाडीवरची डाळ दुपारची वाट पाहत नाही; उल्हासनगर स्थानकाबाहेर पहिल्या रिक्षावाल्याला विचारावे, तो योग्य ठिकाणी सोडील; डाळ बुडवून खावी किंवा ओतून खावी; आणि आदल्या रात्री इमारतीतील जाणकाराला याची वार्ता लागू देऊ नये. सिंधी शेजाऱ्याकडून मात्र पापडाचे बोलावणे आले, तर बेत बदलून सपत्नीक तिकडेच जावे.