धरसोडीतलं सातत्य

नोकियाच्या धोरणात सातत्य नव्हतं म्हणणाऱ्यांच्या जिभेला काही हाड? फिनलंडच्या या कंपनीने एक नेम कधी मोडला नाही : बारशाचे पेढे संपायच्या आत तेराव्याची तयारी.

फेब्रुवारी 2010, बार्सिलोना. नोकियाची मायमो आणि इंटेलची मोब्लिन या ऑपरेटिंग सिस्टिम एकत्र येऊन ‘मीगो’ जन्मली. हेच भविष्य! ॲप लिहिणाऱ्यांना सांगितलं, क्यूटी शिका. नोकियाच्या जुन्या सिंबियनवर चालेल, मीगोवरही चालेल. बिचारे शिकले. वर्षभरात, 11 फेब्रुवारी 2011ला, मायक्रोसॉफ्टमधून आलेले नवे सीईओ स्टीफन एलॉप यांनी लंडनमध्ये जाहीर केलं, भविष्य आता विंडोज फोन. तिथे क्यूटीला दार बंद.

त्याच सुमारास साहेबांनी कर्मचाऱ्यांना पत्र धाडलं होतं : आपण समुद्रातल्या जळत्या प्लॅटफॉर्मवर उभे आहोत. आदल्या वर्षी जगात सर्वाधिक स्मार्टफोन विकले गेले ते याच जळत्या सिंबियनवर! दुकानात असलेला माल स्वतःच बाद ठरवायचा आणि पहिला विंडोज फोन आठ महिन्यांनी दाखवायचा. असा व्यापार करायला छाती लागते.

जून 2011मध्ये मीगोचा एन9 जाहीर झाला. पडद्याखाली बटणच नाही, बोट सरकवलं की काम. परीक्षक खूश. साहेबांनी सांगून टाकलं, कितीही खपला तरी मीगोकडे परतणं नाही. एप्रिल 2012मध्ये अमेरिकेत विंडोज फोनवाला ल्युमिया 900 वाजतगाजत आणला. जूनमध्ये गिऱ्हाइकांना कळलं, विंडोज फोन 8 त्यावर चढणार नाही.

अँड्रॉइडचं नाव मात्र काढायचं नाही. अँड्रॉइड घेणं म्हणजे थंडीत उबेसाठी चड्डी ओली करणं, असं नोकियाचेच बडे अधिकारी आन्सी वान्योकी म्हणून गेले होते. फेब्रुवारी 2014मध्ये, फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टला विकायचं ठरून गेल्यावर, नोकियाने अँड्रॉइडचा ‘नोकिया एक्स’ काढला! आत अँड्रॉइड, वर विंडोजसारख्या चौकटी, गूगलचं ॲप स्टोअर गायब. जुलैत नव्या मालकाने त्याचाही निकाल लावला आणि नोकियातून आलेल्या सुमारे 12,500 जणांच्या नोकऱ्यांचाही. ही कपात कळवणाऱ्या एलॉपसाहेबांच्या पत्राची सुरुवात होती ‘हॅलो देअर’. नोकरी जाणार, हे कळायला आधी धोरणाचे बरेच परिच्छेद वाचावे लागले.

2015मध्ये मायक्रोसॉफ्टने या खरेदीपायी 7.6 अब्ज डॉलर बुडीत खाती टाकले. 2020मध्ये स्वतःचा दोन पडद्यांचा फोन बाजारात आणला, तो अँड्रॉइडवर. फिनलंडची थंडी मायक्रोसॉफ्टलाही बाधली म्हणायची.